पंख्याच्या विमानातून जेटकडे

माणूस तरुणपणी जो धंदा शिकतो, तोच त्याला बहुधा जन्मभर पुरतो, असे आपले वाडवडील मानीत आले. सुताराचा रंधा, कोळ्याचे जाळे, शेतकऱ्याचा नांगर ही हत्यारे बापाकडून मुलाकडे जात आणि हातांना नवे काही शिकावे लागत नसे. आता तसे राहिले नाही. आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी टंकलेखनाच्या जोरावर नोकरी मिळवली, संगणकापुढे बसून ती पुरी केली आणि त्या मधल्या काही वर्षांत त्यांची किती तारांबळ उडाली ते आम्ही जवळून पाहिले. परंतु टंकलेखक चुकला तर कागद वाया जातो. ज्यांचे चुकले तर जीवच जावा, अशा काही माणसांना वीस-बावीस वर्षांच्या अवधीत आपले हातचे कसब दोन-तीनदा मोडून पुन्हा घडवावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी भारतीय हवाई दलात शिरलेल्या वैमानिकांची ती पिढी. तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, आणि आपल्या ख्रिस्ती समाजात तर तिच्यातील आपल्याच माणसाचे नावदेखील कोणी घेत नाही. म्हणून हा प्रपंच.

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढल्या वर्षी १ एप्रिलला कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेव्हा त्याच्यापाशी अवघी चार विमाने होती. 'वापिटी' हे त्यांचे नाव. कापड ताणून बसवलेले दुहेरी पंख, नाकावर लाकडी पंखा, वैमानिकाची बैठक उघडी. डोक्यावर कातडी टोपी, डोळ्यांवर मोठा चश्मा आणि तोंडावर वारा. वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हाही भारताचे म्हणावे असे हे एकच स्क्वाड्रन होते. युद्ध संपेपर्यंत त्याची नऊ स्क्वाड्रने झाली. एवढी माणसे आली कोठून? महाविद्यालयांतून, रेल्वेच्या वसाहतींतून, वकील-डॉक्टरांच्या घरांतून. विशी न ओलांडलेली पोरे थोड्या महिन्यांच्या शिक्षणानंतर एकटीच आकाशात जाऊ लागली.

त्यांतील एक मुंबईचे हृषीकेश मुळगावकर. जन्म १४ ऑगस्ट १९२०. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना हवाई दलाचे कमिशन मिळाले. दुसरे एर्लिक विल्मट पिंटो. गोव्याच्या मुळाचे कॅथलिक. तेही त्याच सुमारास वैमानिक झाले. या दोघांच्या आयुष्यांना पुढे जी वेगवेगळी वळणे लागली, त्यांकडे येऊच.

त्याआधी वाचकहो, पंख्याचे विमान चालवणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ या. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय स्क्वाड्रनांनी प्रामुख्याने 'हरिकेन' विमाने वापरली. बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन, वेग ताशी ५४० किलोमीटरपर्यंत, पण धडाचा मागचा भाग अजूनही लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून केलेला. पुढे दोन चाके, शेपटीखाली एक लहानसे चाक. त्यामुळे जमिनीवर असताना विमानाचे नाक वर, आणि त्या लांब नाकाआडून वैमानिकाला समोरचे काहीच दिसत नसे. धावपट्टीकडे जाताना विमान नागमोडी चालवायचे आणि बाजूने डोकावून वाट पाहायची. उड्डाणाच्या वेळी इंजिनाचा जोर वाढवला की पंख्याच्या फिरण्याने विमान एका अंगाला ओढले जाई. ती ओढ पायाने अचूक तोलावी लागे. कमी तोलली तर विमान धावपट्टी सोडून जाई, अधिक तोलली तर उलटे. हे ज्ञान डोक्यात नसते, पायात असते. हजार वेळा केल्यावर पाय ते आपोआप करतो.

ब्रह्मदेशचे आकाश तर वैऱ्याहून वाईट. पावसाळ्यात अराकानच्या डोंगरांवर ढगांच्या भिंती उभ्या राहत. ज्याने आपल्या कोकणातला आषाढ पाहिला आहे, त्याला त्याची थोडी कल्पना येईल. हरिकेन विमानांचे मुख्य काम टेहळणीचे होते. दोन-दोनांच्या जोडीने खाली उतरायचे, एकाने जमिनीवरच्या वाटा, पूल, धूर पाहायचा आणि दुसऱ्याने त्याची पाठ राखायची. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा पहिले स्क्वाड्रन स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली तेथूनच उडत होते. मुळगावकरही ब्रह्मदेशच्या त्या आघाडीवर लढले. मांडीवर उघडलेला नकाशा, हातात पेन्सिल, मनगटावर घड्याळ, आणि खाली न संपणारे जंगल. खाली उतरावे लागले तर हातात येणार ते जंगलच किंवा शत्रूची कैद.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, आणि दोन महिन्यांतच काश्मीरचे प्रकरण उभे राहिले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी डाकोटा विमाने शीख पलटणीला घेऊन श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरली. त्या युद्धात 'टेम्पेस्ट' आणि 'स्पिटफायर' ही पंख्याची विमाने डोंगरांच्या चिंचोळ्या खोऱ्यांत शिरून हल्ले करीत होती. एअर कमोडोर मेहरसिंग यांनी २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्यांना घेऊन लेहच्या वाळूवर डाकोटा उतरवली. ना विमानात प्राणवायूची धड सोय, ना मार्गाचा नकाशा. याच लढाईतील कामगिरीबद्दल विंग कमांडर मुळगावकर यांना महावीर चक्र मिळाले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतले होते.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती आम्हांला फार आवडते. इंग्रज गेले तेव्हा कानपूरला त्यांची कित्येक 'लिबरेटर' बाँबफेकी विमाने टाकून गेले. ती कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून जाताना मुद्दाम मोडूनतोडून ठेवली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती भंगारातून जोडजाड करून उडण्याजोगी केली आणि जमशेद मुनशी नावाच्या पारशी वैमानिकाने एकेक करून ती बंगळूरला नेली. त्याच विमानांवर १९४८ च्या अखेरीस पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. दुसऱ्याने फेकलेल्या वस्तूंतून संसार उभा करण्याची विद्या आपल्या लोकांस कोणी शिकवावी लागत नाही!

आता जेटचे युग. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली 'व्हँपायर' विमाने भारतात आली. काश्मीरमध्ये टेम्पेस्ट अजून लढत असतानाच हे नवे पाखरू अंगणात उतरले. त्याला पंखाच नव्हता. पुढले धड चक्क लाकडाचे, पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेले, अंड्याच्या आकाराचे; मागे दोन दांडे आणि मधोमध आग ओकणारे नळकांडे. पुढे नाकाखाली चाक असल्याने विमान जमिनीवर सपाट उभे राही आणि वैमानिकाला समोरचा रस्ता दिसे. इंजिनाचा धडधडाट मागे राही, बैठकीत एक विलक्षण शांतता. जुने वैमानिक प्रथम बुचकळ्यात पडले ते या शांततेने. कानांनी इंजिनाची नाडी ओळखायची त्यांची सवय निरुपयोगी झाली.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. पंख्याच्या विमानात हातातला दांडा पुढे ढकलला की ओढ त्याच क्षणी मिळते. त्या काळच्या जेटचे इंजिन मात्र दांडा ढकलल्यावर काही सेकंद विचार करते, मग जोर धरते. उतरताना विमान फार खाली आले आणि आता जोर लावू म्हटले, तर तोवर जमीन आलेली असते. म्हणजे निर्णय आधी घ्यावा लागतो. डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे मनाने असावे लागते. शिवाय हे विमान खालच्या हवेत इंधन असे पिते की थोडी वाट चुकली तरी परतणे कठीण. आणि आरंभीच्या व्हँपायरमध्ये वैमानिकाला बैठकीसकट बाहेर फेकणारी खुर्ची नव्हती.

वेगाचा हिशेब आम्ही आमच्या भागावर करून पाहिला. कोलाडची कुंडलिका नदी भिऱ्याच्या बाजूने येते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. सरळ रेषेत हे अंतर साधारण ५० किलोमीटर. वापिटीच्या वैमानिकाला ते ओलांडायला पाव तास लागला असता. गुडघ्यावरच्या नकाशात डोलवहाळचा बंधारा कोठे, रोहे कोठे, हे सावकाश ताडून पाहता आले असते. व्हँपायरला साडेतीन मिनिटे. १९६३ साली आलेल्या मिग-२१ ला, उंचावरून पूर्ण वेगाने, दीड मिनिट. म्हणजे 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना तीन वेळा सावकाश म्हणून होईपर्यंत भिरा मागे पडून समुद्र आला. आणि वापिटी ते मिग हे अंतर हवाई दलाने तीस वर्षांत कापले. पुढे १९८१ साली हवाई दलप्रमुख झालेले दिलबागसिंग हे महायुद्धकाळीच दलात आलेले, आणि मिगचे पहिले स्क्वाड्रन त्यांनीच उभे केले.

हे सारे पुस्तकांतून वाचता येते. परंतु आम्हांला ते प्रथम समजावून सांगितले कोलाडच्याच एका वृद्धाने. हवाई दलात ते वैमानिक नव्हते, विमानांवर शस्त्रे चढवणारे एअरमन होते. निवृत्तीनंतर धाटावच्या एमआयडीसीत काही वर्षे नोकरी करून ते आंबेवाडी नाक्याच्या आतल्या बाजूस लहानसे घर बांधून राहिले. या भागात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. महिन्यातून एकदा आम्ही तिकडे मिस्सेला जात असू. मिस्सा झाली की त्यांच्या ओट्यावर चहा ठरलेला. समोर महामार्गाची रुंदी वाढवण्याचे काम चाललेले, म्हणजे २०११ पासून चाललेलेच, आणि त्या धुळीत बसून ते विमानांच्या गोष्टी सांगत. आता ते प्रभूकडे गेले. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांनी जे सांगितले ते पापनिवेदनात नव्हे, ओट्यावर सांगितले, म्हणूनच लिहिण्यास हरकत नाही.

"फादर," ते म्हणत, "साहेब लोक विमान उडवायचे, पण ते उडणार की नाही हे आम्ही ठरवायचो." त्यांनी तूफानी, कॅनबेरा, हंटर, सगळी विमाने हाताळली. फ्रान्सची तूफानी १९५३ साली आली. फ्रान्सचीच मिस्तेर, इंग्लंडची हंटर आणि दोन इंजिनांची कॅनबेरा १९५७ च्या सुमारास. जुने फिटर नव्या विमानाजवळ प्रथम कसे भीतभीत जात, हे ते फार रंगवून सांगत. पंख्याच्या विमानापुढे उभे राहू नये ही शिकवण हाडीमांसी भिनलेली. जेटला पुढे उभे राहिले तर ते ओढून घेते आणि मागे उभे राहिले तर भाजून काढते. "मग उभं राहायचं तरी कुठं, सांगा!" असे म्हणून ते हसत.

एके दिवशी मात्र ते हसले नाहीत. त्या दिवशी विषय निघाला गोव्याचा.

वाचकांना ठाऊक आहेच की, १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, आणि रेल्वेही थांबली. गोव्यात दिलेल्या मुली आणि इकडचे माहेर यांची ताटातूट झाली. आमच्या या वृद्धाची थोरली बहीण १९५४ साली लग्न होऊन दाभोळीच्या विमानतळाखालच्या चिखली गावी गेली होती. सात वर्षे भेट नाही. पत्र आले तर महिनोन्‌महिने फिरून, कोणाच्या तरी हातून. १९६१ च्या डिसेंबरात हे पुण्याजवळ लोहगावच्या तळावर होते. हा तळ इंग्रजांनी १९३९ साली मुंबईच्या रक्षणासाठी बांधला. त्या दिवसांत तेथे कॅनबेरांची दोन स्क्वाड्रने होती. १७ तारखेच्या रात्री बाँब चढवण्याचा हुकूम आला. लक्ष्य कोणी सांगितले नाही. पण सांगण्याची गरजही नव्हती.

"हात चालू होते, फादर. हात चुकले नाहीत. बाँबची पिन, आकडा, सगळं दोनदा तपासलं. खिशात जपमाळ होती, तिला हात लावायला सवड नव्हती. मनात एकच, बाईचं घर टेकडीच्या कुठल्या अंगाला आहे ते मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं."

१८ डिसेंबरला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी दाभोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे २८.५ टन बाँब टाकले. पुण्याहून दाभोळी सरळ रेषेत ३५० किलोमीटर. अर्ध्या तासाचीही वाट नाही. मागाहून आणखी ८ कॅनबेरांची लाट गेली. बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या ६ हंटरांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. प्राणपणाने लढा, असा लिस्बनचा हुकूम त्यांनी मानला नाही, आणि त्याबद्दल सालाझारने पुढे त्यांना लष्करातून काढून टाकले. चार-साडेचार शतकांचे राज्य दीड दिवसात संपले. भारताचे २२ जवान कामी आले, पोर्तुगिजांचे सुमारे ३०.

या साऱ्या हवाई मोहिमेचे सूत्रधार होते एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो.

हे नाव आम्ही प्रथम ऐकले तेव्हा क्षणभर थबकलो. गोव्याच्या मुळाचा एक कॅथलिक अधिकारी, ज्याच्या आडनावाची घरे त्या विमानतळाच्या आसपास पाच-पंचवीस तरी असतील, त्याच्याच हाती गोव्यावर विमाने पाठवण्याचा हुकूम यावा! आमच्या पिढीतील कित्येकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोव्याविषयी दोन परस्परविरोधी गोष्टी ऐकल्या आहेत. एक म्हणे, आपला देश मोकळा झाला. दुसरा हळूच म्हणे, आता आपल्या चर्चांचे काय होणार? ही भीती पुढे खोटी ठरली. परंतु तेव्हा ती खरी होती, आणि तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पिंटोंच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही, आणि कल्पनेने त्यांच्या तोंडी शब्द घालणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. हवाई दलाला दिलेल्या सूचना मात्र नोंदलेल्या आहेत. दाभोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना आणि इतर सोयींना धक्का लावायचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडायचे. दमण आणि दीव येथील विमानतळांवर आधी परवानगी घेतल्यावाचून हल्ला करायचा नाही. या सूचनांत दया किती आणि व्यवहार किती? व्यवहार नक्कीच होता. उद्या जो विमानतळ आपलाच होणार, तो आज कोण पाडील? तरीही आमच्या मते वैमानिकाच्या हातून ही सूचना पाळली जाणे ही लहान गोष्ट नव्हे. वेगाने जाणाऱ्या कॅनबेरातून खाली पाहताना धावपट्टी आणि तिच्या कडेची इमारत यांतील अंतर बोटाच्या पेराएवढे दिसत असेल.

त्या दिवशी दाभोळीच्या आवारात दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती. वैमानिकांना ती दिसली. त्यांनी ती सोडली. रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टीवरचे खड्डे घाईघाईने बुजवले आणि अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांना त्यांत बसवून अंधारात पोर्तुगालकडे रवाना केले. लष्करी दृष्टीने पाहिले तर ही चूक झाली, असे कोणी म्हणेल. आम्ही धर्मगुरूच्या नजरेने पाहतो, त्यामुळे आमचे मत तेवढे निर्भेळ नाही. ती विमाने निसटली हे बरे झाले, असेच आम्हांस वाटते.

तरुणांच्या शिबिरात एका मुलाने आम्हांला सरळ विचारले होते, "फादर, आपल्या धर्माच्या माणसाने बाँब टाकले तर ते पाप नाही का?" पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात या प्रश्नाला हात घातला. देशाच्या सेवेत शस्त्र धरणाऱ्याने आपले कर्तव्य योग्य रीतीने केले तर तो लोकांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवकच होय, असे तिने मानले. आणि त्याच दस्तऐवजात सबंध शहरे आणि त्यांतील माणसे भेदभाव न करता नष्ट करण्याच्या युद्धाचा कठोर निषेध केला. या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून सैनिकाला चालावे लागते. आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले की, विमानाचा वेग जसा वाढत गेला तशी ही वाटही अरुंद होत गेली. वापिटीच्या वैमानिकाला खालचा माणूस दिसत होता. जेटच्या वैमानिकाला दिसतो तो नकाशावरचा ठिपका, आणि त्या ठिपक्यात माणसे आहेत हे त्याला आठवणीत ठेवावे लागते. मुलाचे पुरते समाधान झाले नाही. आमचेही झाले होते असे नाही.

चिखलीहून कोलाडच्या वृद्धांना बहिणीचे पत्र आले ते १९६२ च्या आरंभी, या वेळी साध्या टपालाने. घराची काही कौले खाली आली होती, कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायच्या थांबल्या होत्या, आणि सारे सुखरूप होते. बाँब कोठल्या तळावरून आले याची तिला कल्पना नव्हती. सबंध पत्रभर तक्रार एकच, की सात वर्षांत भावाने तिची चौकशी केली नाही. त्या मे महिन्यात ते रजा घेऊन याच मुंबई-गोवा रस्त्याने, कोलाड-महाडवरून, तिच्याकडे गेले. अंगणात बसून जेवले. लोहगावविषयी ते तिला काही बोलले नाहीत, आणि पुढे ती वारली तोवर कधीच बोलले नाहीत. "सांगायला पाहिजे होतं का हो, फादर?" असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही चहाचा पेला खाली ठेवला आणि गप्प बसलो.

गोव्यानंतर वर्षही लोटले नाही तोच चीनशी युद्ध झाले. १९६२ च्या त्या लढाईत वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टरे राबली. लढाऊ विमाने मात्र सरकारने वापरलीच नाहीत. एवढी जेट विमाने घेतली, एवढे वैमानिक घडवले, आणि जवान थंडीत मरत असताना ती धावपट्टीवर उभी राहिली. हा निर्णय बरोबर की चूक, यावर जाणकार आजही भांडतात. आमच्या मते तो भीतीपोटी घेतलेला निर्णय होता.

आणि मग २२ नोव्हेंबर १९६३. पिंटो तेव्हा हवाई दलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख होते. पुंछ भागातील सीमेवरच्या चौक्या पाहण्यासाठी लेफ्टनंट जनरल दौलतसिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रमसिंग, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय आणि एअर व्हाइस मार्शल पिंटो असे पाच वरिष्ठ अधिकारी एकाच अ‍ॅलुएट हेलिकॉप्टरमधून निघाले. चालक फ्लाइट लेफ्टनंट सोधी. दरीवरून आडव्या गेलेल्या तारांना हेलिकॉप्टर अडकले आणि कोसळले. सहाही जण ठार झाले. महायुद्धाच्या काळातल्या विमानांपासून जेटपर्यंतची वाट सुखरूप चाललेला हा माणूस, लढाई नसताना, दुसऱ्याच्या हाती सुकाणू असताना, एका तारेने गेला. चाळिशीच्या आसपासचे ते वय. त्याच तारखेला अमेरिकेत डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. आपल्या कॅथलिक घरांत केनेडींची तसबीर पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लागली. ती आम्ही लहानपणी कितीतरी भिंतींवर पाहिली आहे. पिंटोंची तसबीर आम्ही एकाही घरात पाहिली नाही. एवढे वरिष्ठ अधिकारी एकाच विमानात बसवू नयेत, हा दंडक पुढे सैन्याने कडक केला, तो या अपघातावरून.

मुळगावकरांच्या वाट्याला दीर्घायुष्य आले. १९७६ साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९७८ च्या ऑगस्टअखेर निवृत्त झाले. शत्रूच्या प्रदेशात खोलवर शिरणारे विमान हवे, ही मागणी त्यांच्या कारकिर्दीत पुढे रेटली गेली, आणि त्यातून निवडलेली 'जॅग्वार' विमाने १९७९ साली दलात आली. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, ते गेले. ब्रह्मदेशच्या जंगलावरून उडालेली ती पिढी आता जवळजवळ संपली. १९४४ साली इंफाळला स्क्वाड्रन चालवणारे अर्जनसिंग २०१७ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, निवर्तले. ज्या मिग-२१ विमानांचे पहिले खोके मुंबईच्या बंदरात उतरले आणि ज्यांची पुढे नाशिकजवळ ओझर येथे जुळणी झाली, त्यांनाही २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप देण्यात आला.

मात्र जॅग्वार अजून उडतात. आज जो पंचविशीतला वैमानिक त्या विमानात बसतो, त्याच्या जन्मापूर्वी वीस वर्षे ते जातीचे विमान या देशात आलेले आहे. मुळगावकरांच्या पिढीत वैमानिक एकच असे आणि त्याच्याखालची विमाने बदलत. आता विमान तेच राहते आणि त्यातले वैमानिक बदलतात. कोलाडच्या ओट्यावर हा मुद्दा आम्ही काढला असता, तर ते वृद्ध गृहस्थ म्हणाले असते, विमान तेच आहे असं तुम्हांला वाटतं फादर, त्याच्या आतलं किती बदललं ते फिटरला विचारा.